झीलकऱ्यांचा माईक

लाऊडस्पीकरवाल्याला सभेत कोणी मोजत नाही. पाहुणे येतात, हार पडतात, आभार मानणारा चहावाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानतो. आमचं नाव कधी निघतं? भोंग्याने शिट्टी मारली की. तेव्हा सगळं मैदान मान वळवून बघतं, आणि अध्यक्ष असा चेहरा करतात की शिट्टी जणू मीच तोंडाने वाजवली. आमची मंडळी, म्हणजे बायको, म्हणायची, तुमचं काम बरं चाललंय हे कशावरून ओळखायचं, तर तुमची कोणाला आठवण होत नाही यावरून.

घोडपदेवला चाळीच्या जिन्याखाली माझं दुकान होतं. दुकान कसलं, मालकाची कोळसे ठेवायची जागा. आत आवाज मोठा करणारं एक मशीन, चार भोंगे, मोटारीच्या दोन बॅटऱ्या आणि दोन माईक. मशीनमध्ये काचेचे व्हॉल्व्ह असायचे. ते तापेपर्यंत मशीन मुकं. वक्ते घाई करायचे, आम्ही म्हणायचो, साहेब, चहा घ्या. भोंगा माईकच्या समोर आला की शिट्टी बसणार, म्हणून तो कुठे बांधायचा याला डोकं लागतं. गिरगावात एका लग्नात मुलीच्या बापाने मला भोंगा मांडवाकडे पाठ करून बांधायला लावला, कारण त्या बाजूच्या वाडीत न बोलावलेला सख्खा भाऊ राहत होता. मंगलाष्टकं त्याला ऐकू गेलीच पाहिजेत, अशी त्यांची अट. गेली. भावाने गॅलरीतून अक्षता टाकल्या, आणि जेवणाच्या वेळी दोघं एकाच पंगतीला बसले. धंद्यात असंही पुण्य पदरात पडतं.

पण मला सांगायचं आहे ते संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांतलं. तेव्हा लालबाग-परळ भागात एक दिवस सभेवाचून जात नसे. माझा तर घसा न वापरता घसा बसायचा. सभा म्हटली की आधी पोवाडा, आणि पोवाड्याला लागतात दोन माईक. पुढे शाहीर डफ घेऊन उभा, त्याला एक. मागे झीलकरी, म्हणजे शाहिराची ओळ संपली की तिचं शेपूट उचलून ‘जी जी र जी’ म्हणणारे तिघे-चौघे. त्यांना मिळून एक. झील नसेल तर पोवाडा उभा राहत नाही. शाहीर श्वास घेतो तो झीलवर, पुढची ओळ आठवतो ती झीलवर, आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो तोही पुष्कळदा झीलवरच. पण नाव शाहिराचं. हे दुःख मला कळायचं, कारण माझंही काम त्याच जातीचं.

आमच्या भागात एक शाहीर फार गाजत होते. त्यांचं नाव मी लिहीत नाही. भीती कोणाची नाही, आता या वयात कोण काय करणार? पण नाव लिहिलं की वाचणारा माझं बोलणं बाजूला ठेवतो आणि त्या नावाची बाजू घ्यायला लागतो. हे मी पाहिलं आहे, त्याचंच तर हे लिखाण. नुसतं शाहीर म्हणू.

आवाज असा की मशीन बंद असतं तरी शेवटच्या रांगेला ऐकू गेला असता. तुरुंगात जाऊन आलेले, लाठी खाल्लेले. कपाळावर त्या लाठीची खूण होती, आणि बायका आपली पोरं त्यांच्या पायावर घालायच्या. मी स्वतः त्यांचा भक्त. त्यांच्या कार्यक्रमाला मी नवे व्हॉल्व्ह घालायचो, दुसऱ्यांना जुने. ते मला ‘काय भोंगेकर’ म्हणायचे आणि त्यावर मी दिवसभर फुशारत असे.

त्यांच्या पार्टीत, म्हणजे गाण्याच्या ताफ्यात, एक मुलगी नव्याने आली. सुमन. आमच्याच घोडपदेवातली, दोन चाळी सोडून. बाप गोदीत कामाला होता, तो वारला. आई अनसूयाबाई गिरणीत वाइंडिंग खात्यात, सुताच्या बॉबिना भरायच्या. घरच्यांनी नुकतीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती आणि वस्तीच्या कार्यक्रमात पोरीचा आवाज शाहिरांच्या कानावर गेला. मुलीने झीलला उभं राहायचं ही तेव्हा नवलाई होती. अनसूयाबाई स्वतः तिला तालमीला पोचवायच्या आणि म्हणायच्या, “माझ्या पोरीला शाहिरांनी निवडलं.” तालीम लालबागला, सभा भरवणाऱ्या मंडळाच्या खोलीत व्हायची. खाली खोली, वर माळा. नव्या माणसाला चाल शिकवायची तर शाहीर त्याला एकट्याला माळ्यावर बोलवायचे, कारण खाली झांजा-तुणतुण्याचा गलका. ही तिथली पद्धत होती, तिच्यात कोणाला काही वावगं दिसलं नव्हतं.

एका दुपारी मी त्या खोलीत भोंग्याची तार जोडत बसलो होतो. मंडळाचे सेक्रेटरी वकीलसाहेब टेबलाशी होते. हे गिरगावातल्या जुन्या घराण्यातले, वकिली सोडून चळवळीत पडलेले. माणूस सरळ. उगाच कोणाचं वाईट चिंतणारा नव्हे. अनसूयाबाई आत आल्या, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

“शाहिरांनी माझ्या पोरीवर हात टाकला,” त्या म्हणाल्या. “माळ्यावर. तोंड दाबून. ती आठ दिस जेवली न्हाई, काल रातच्याला बोलली.”

माझ्या हातातली तार तशीच राहिली. वकीलसाहेबांनी आधी दार लावलं. मग हळू आवाजात म्हणाले, “बाई, तुम्ही काय बोलता आहात कळतंय का?”

“मला कळतंय. तुमाला कळलं का, त्ये सांगा.”

“पोलिसात जाणार आहात?”

यावर बाई हसल्या, आणि ते हसणं मला आवडलं नाही. “पोलीस? परवापत्तुर आमच्यावर काठ्या चालवीत होते ते? तुमीच तर म्हनला, त्यांच्या दारात पाय ठेवू नगा. म्हनून तुमच्याकडं आले.”

वकीलसाहेबांनी टेबलावरची फाईल मिटली. मग म्हणाले, “हे आत्ता बाहेर गेलं तर विरोधकांच्या हातात कोलीत. मी नाही म्हणत नाही, चौकशी करू. पण आधी मुंबई. मुंबई मिळू दे, मग हे बघू.”

“तोवर माझ्या पोरीनं काय करायचं?”

बाई दार उघडून गेल्या, आणि मी मान खाली घालून तार पिळत बसलो. खरं सांगतो, माझ्याही मनात पहिलं हेच आलं की, छे, शाहीर असं करणार नाहीत.

दार लावून बोललेली गोष्ट संध्याकाळपर्यंत नळावर पोचली. मग काय विचारता. सरकारनेच पढवून पाठवली असेल, एक म्हणे. दुसरा म्हणे, गळ्यात सरस्वती असलेला माणूस असा असूच शकत नाही. आठ दिवस गप्प का बसली? एकटी वर गेलीच कशाला? पार्टीतली पोरगी ती, तिला कसली अब्रू? आणि काही जण आवाज खाली आणून तिच्या जातीचंही काढायचे. ज्यांनी शाहिरांना दहा हातांवरून सुद्धा कधी पाहिलं नव्हतं, ते शपथेवर सांगत होते. आपला भाऊ, आपला मेव्हणा कसा आहे याची खात्री देताना माणूस जरा घुटमळतो. पण ज्याला फक्त भोंग्यातून ऐकलंय त्याची खात्री छातीवर हात ठेवून.

मीही घरी येऊन तेच बडबडलो. म्हटलं, एवढा मोठा माणूस, असा आवाज. आमची मंडळी भाकऱ्या थापत होती. ती मालवणची, तिथलंच बोलायची. मान वर न करता म्हणाली, “तुमच्या भोंग्यातसून आवाज बरो येता म्हणान माणूस बरो कसो? आवाज तुमी मोठो करतास. माणसाक कोण मोठो करता?”

मी म्हटलं, तुला काय कळतंय. ती म्हणाली, “माका येवढा कळता की आई आपल्या चेडवाचा असला खोटा कधी सांगूची नाय. तिका त्यात काय गावतला? लाडू?” आणि तव्यावरची भाकरी अशी उलटली की मी उठून हातपाय धुवायला गेलो. पण त्या दिवसापासून माझ्या भक्तीत खडा पडला.

इकडे अनसूयाबाईंचं जिणं कठीण केलं लोकांनी. नळावर त्यांची कळशी मागे सरकायची. दारावर कोणी शेण फासलं. त्यांच्या खात्याचा मुकादम मंडळाचा माणूस. त्याने सांगितलं, पोरगी माफी मागत नाही तोवर कामावर यायचं कारण नाही. बाप नसलेल्या घरात तो एकच पगार. शेवटी मंडळाने तोडगा काढला. परळच्या मैदानात रविवारी संध्याकाळी शाहिरांचा कार्यक्रम होता. तिथे सुमनने माईकवर येऊन म्हणायचं, माझा गैरसमज झाला, शाहीर मला वडिलांसारखे आहेत. शाहीर तिला मोठ्या मनाने क्षमा करतील. विषय संपला.

वकीलसाहेबांनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांना स्वतःलाच ते गोड लागत नव्हतं. “भोंगेकर, तिचा आवाज लहान आहे. स्वच्छ ऐकू गेला पाहिजे,” एवढंच म्हणाले. म्हणजे त्या पोरीचं खोटं अख्ख्या परळला नीट ऐकवायची जबाबदारी माझी. मी हो म्हटलं. नाही म्हणायला पाहिजे होतं का? माझ्याऐवजी दुसरा आला असता, दुसऱ्या भोंग्यांतून तेच ऐकू गेलं असतं. असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली.

रविवारी दुपारीच भोंगे चढवले. उन्हात स्टेज बांधून होत होतं तेव्हा धोंडूमामा आले. हे झीलकऱ्यांतले सर्वांत जुने. दिवसा गिरणीत मागावर, संध्याकाळी शाहिरांच्या मागे तुणतुणं. शाहिरांच्या शब्दावर त्यांच्या मुलाला गिरणीत बदलीचं, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागेवरचं, काम लागलं होतं, आणि शाहिरांसाठी ते कोणाचं डोकं फोडायलाही कमी करणार नाहीत अशी ख्याती. चळवळीत अशी माणसं होती म्हणून चळवळ चालली, हेही खरं.

ते माझ्या मशीनपाशी उकिडवे बसले. म्हणाले, “झीलचो माईक शाहिराच्या माइकायेवढोच मोठो वाजता मां?”

म्हटलं, “मामा, इतक्या वर्षांत आज विचारलंत?”

“आज इचारूचा वाटला.”

मी तोंड भरून खात्री दिली आणि विसरून गेलो.

मैदान पाच वाजताच भरलं. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, मध्ये दोर. मंडळाने ठरवलं, आधी शाहिरांनी एक पोवाडा गाऊन सभा तापवायची, मग सुमन. ती आईबरोबर स्टेजच्या पायरीशी उभी होती. पांढरं पातळ, केस चापून बांधलेले. चेहरा इतका कोरडा की रडण्याच्या पलीकडचा. मला वाटलं, जावं आणि काहीतरी बोलावं. काय बोलणार होतो?

शाहीर आले. टाळ्यांनी स्टेजचे पत्रे हादरले. त्यांनी डफावर थाप मारली, आणि नेमका तोच पोवाडा काढला ज्यात पोलिसांच्या लाठीपुढे बायकांना पाठीशी घालून उभ्या राहिलेल्या वीराचं वर्णन होतं. हा त्यांचा हुकमी. पहिलाच चरण आयाबहिणींच्या अब्रूचा. ओळ भोंग्यांतून गेली, चाळींच्या गॅलऱ्यांवरून फिरली, संपली, आणि मागे काही आलं नाही.

झील नाही.

कारागिराला पहिली शंका स्वतःच्या कामाची येते. वाटलं, तार सुटली. मशीनकडे बघतो तर व्हॉल्व्ह लाल, सगळं जागच्या जागी. शाहिरांनी जरा थांबून तीच ओळ पुन्हा घेतली, जास्त जोरात. पुन्हा मागे शांतता. पोरं हसायला लागली. कोणी ओरडलं, “भोंगेकर, झोपला काय?” मग मी धावलो. स्टेजवर वाकत वाकत चढलो, झीलकऱ्यांच्या माईकपाशी पोचलो आणि आमची ती सवय, माईकच्या डोक्यावर बोटाने वाजवलं.

टक, टक.

चारही भोंग्यांतून अख्ख्या परळला ऐकू गेलं. माईक चालू होता.

मी मान वर केली. चौघे झीलकरी ओळीने उभे. झांजा, तुणतुणं पोटाशी धरलेलं, तोंडं मिटलेली. धोंडूमामा माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. मी मूर्ख, त्यांना विचारलं, “काय झालं?” तेही भोंग्यांतून गेलं.

मैदान गप्प झालं. माझ्या दोन टकटकींनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं की बिघाड मशीनमध्ये नाही. शाहिरांनी मागे वळून हसत विचारलं, “काय धोंडू, घसा बसला?”

धोंडूमामा माईकपाशी आले. भाषण त्यांनी जन्मात केलं नव्हतं. म्हणाले, “घसो बरो आसा. ह्या ओळीक झील नाय गावूची, शाहीर. आमी आजपावत तुमच्या सगळ्या ओळी उचललंव. ही उचलणंव नाय.” मग खाली पायरीकडे बघून म्हणाले, “चेडवांक माळ्यार मीच धाडी होतंय. ‘जा गो, शाहीर चाल सांगतत,’ मीच म्हणी होतंय. ह्येच्या आदली एक पोर अशीच तालीम सोडून गेली. माका वाटला, लगीन ठरला. सुमन खोटा बोलणा नाय. आज माफी तिणे मागूची नाय.”

आणि मग जो कल्लोळ उसळला. गद्दार, सरकारचा कुत्रा, काय काय. एक चप्पल आली, ती माझ्या खांद्याला लागली. शाहीर माईकमध्ये काही म्हणायला गेले तर त्यांचा आवाज त्या गलक्यात पहिल्यांदाच लहान वाटला. मी उतरून मशीनपाशी पळालो, आणि वकीलसाहेब माझ्यामागे धावत आले. “बंद कर, बंद कर आधी ते.”

माझा हात स्विचवर होता. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, “साहेब, व्हॉल्व्ह फार गरम आहेत. आता बंद केलं तर फुटतील.”

थाप होती. सरळसरळ थाप. व्हॉल्व्ह कधी असे फुटत नाहीत. वकीलसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, त्यांनाही कळलं असावं. पण त्यांनी स्वतः स्विचला हात लावला नाही. तिथेच खुर्ची ओढून बसले आणि चष्मा काढून डोळे पुसत राहिले. त्या माणसाबद्दल माझ्या मनात जो काही आदर उरला आहे, तो त्या खुर्चीत बसण्यामुळे.

तुम्ही म्हणाल, मग सुमन माईकवर आली आणि तिने सगळ्यांना हलवून सोडलं. सिनेमात आली असती. आमच्या सुमनला पायरीवरच उलटी झाली. अनसूयाबाईंनी पदराने तिचं तोंड पुसलं, हाताला धरलं आणि दोघी बायकांच्या बाजूला उतरल्या. जायचं कुठून? सगळं भरलेलं. मी मशीनपाशी उभा राहून बघत होतो. क्षणभर कोणी हललं नाही. मग पुढच्या रांगेतली एक जाडजूड बाई, तिला मी ओळखतही नव्हतो, तिने शेजारचं पोर उचलून मांडीवर घेतलं आणि जमिनीवर थापटलं. “बस हितं,” म्हणाली. तिच्या पलीकडची सरकली. तिच्याही पलीकडची सरकली. पुरुषांच्या बाजूला मारामारी चाललेली आणि इकडे बायका काही न बोलता सरकत होत्या. त्या दोघी बसल्या. कोणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला. मला तेव्हा मुसमुसून रडू आलं, ते मी चप्पल लागल्यामुळे असं खपवलं.

आता पुढचं. खोटं गोड लिहायचं नाही. शाहिरांना दुसरे झीलकरी मिळाले. नाव मोठं असलं की मिळतात. त्यांच्या सभा होत राहिल्या, पुढे सत्कारही झाले, आणि कोर्टाची पायरी काही त्यांना चढावी लागली नाही. याची चीड मला आजही आहे. मंडळाने मला काम देणं बंद केलं. आमच्याच चाळीतले लोक वर्षभर माझ्याशी बोलत नव्हते. धोंडूमामांच्या मुलाचं बदलीचं काम सुटलं. मामा म्हणायचे, “सुटला तर सुटला. आता रात्री झोप लागता.”

पण दुसरी बाजूही झाली, आणि ती मी जास्त धरून ठेवली आहे. वाइंडिंग खात्याच्या बायांनी मुकादमाला गाठून सांगितलं, अनसूया आत येत नसेल तर आम्ही पण बाहेर. मुकादम महाशय लगेच नरमले. नळावर अनसूयाबाईंची कळशी पुढे सरकायला लागली. त्यानंतर एका संध्याकाळी माझगावची एक बाई कडेवर पोर घेऊन त्यांचं दार शोधत आली. मामा जिच्याबद्दल बोलले होते तीच, तालीम सोडून गेलेली. तिचा नवरा तिच्याबरोबर होता. गॅलरीत आम्ही कान टवकारून उभे. तिने सुमनचे हात धरले आणि म्हणाली, “मला वाटलं मी एकटीच.” दोघी आत गेल्या. नवरा बाहेर कठड्याशी उभा राहिला. मी त्याला विडी दिली. तो म्हणाला, “त्या दिवशी आम्ही परळला पाहुण्यांकडे होतो. टकटक ऐकू आली तुमची.”

माझ्याकडे अभिमान बाळगण्यासारखं फार नाही, पण त्या टकटकीचा आहे. ती चुकून झाली, हे खरं. तरी आहे.

चळवळ जिंकली. मुंबईसकट महाराष्ट्राचं राज्य झालं, सगळ्या गल्लीबोळांत रोषणाई, पेढे, मिरवणुका. त्या दिवशी मोठ्या मैदानात शाहिरांचा पोवाडा होता आणि तिथल्या लोकांनी जुनं विसरून मला भोंग्यांसाठी निरोप पाठवला होता. पण त्याच संध्याकाळी आमच्या घोडपदेवात, चाळीच्या पटांगणात, धोंडूमामांनी एक छोटी पार्टी उभी केली होती. शाहीर कोण, तर सुमन. डफ तिचा, चरण तिने स्वतः रचलेले, आणि मागे झीलला मामा आणि त्यांचे जोडीदार. मी मोठ्या मैदानाला नाही म्हणून कळवलं. आमची मंडळी म्हणाली, “शेवटी अक्कल इली.”

वकीलसाहेब आले होते. मागे, पाण्याच्या टाकीपाशी उभे राहिले. मी खुर्ची देऊ केली, नको म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “मुंबई मिळाली, भोंगेकर. आता हे ऐकायला आलोय.” मनात म्हटलं, उशिरा आला, पण आला.

सुमन उभी राहिली. माईक तिच्या कपाळापाशी येत होता, कारण स्टँड पुरुषांच्या उंचीला बसवलेला. मी वर जाऊन खाली केला. ती मला हळूच म्हणाली, “काका, हात कापतायत.” म्हटलं, “डफ घट्ट धर, म्हणजे कळणार नाही कोणाला.” ती जरा हसली.

तिने थाप मारली आणि पहिली ओळ घेतली. अर्ध्यावर आवाज फाटला. ओळ कशीबशी टोकाला पोचली. मागे मामांनी झील द्यायला तोंड उघडलं, पण त्याच्या आधीच खालून आली. पटांगणात बसलेल्या बायकांकडून. वाइंडिंगवाल्या, नळावरच्या, माझगावची ती, आमची मंडळी, जिने जन्मात कधी गाणं म्हटलं नव्हतं ती, सगळ्या. ‘जी जी र जी.’ कोणी ठरवलेलं नव्हतं. सूर इकडेतिकडे, ताल तर विचारू नका.

सुमन इतकी दचकली की दुसरी ओळ विसरली. डफ तसाच हातात. कोणी हसलं नाही, कोणी उठलं नाही. पुढच्या रांगेतून अनसूयाबाई म्हणाल्या, “सावकाश घे बाय. आमी बसलोय.”

तिने मान हलवली, पदर खोचला, आणि पहिलीच ओळ पुन्हा घेतली. या वेळी आवाज फाटला नाही.